आजोबांचा वस्तरा सापडलाय, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठ (गुहागर):
नमस्कार मंडळी. गणपतीआधी घर झाडताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा वस्तरा सापडला. पात्याच्या शेपटीवर झोलिंगेन (जर्मनीतलं पात्यांसाठी नावाजलेलं शहर) कोरलंय, मूठ काळ्या शिंगाची. पात्यावर तांबूस डाग आहेत, धारेला टोकाजवळ एक बारीक खाच. आजोबा सकाळी पडवीत बसून याच वस्तऱ्याने दाढी करायचे आणि मी समोर आरसा धरून उभा असायचो. आता मलाही त्यानेच दाढी करायची आहे. नाक्यावरच्या सलूनमध्ये विचारलं, पण तिथे सगळे अर्धं ब्लेड घालतात, वस्तऱ्याला धार लावणारं कुणी उरलं नाही. विहिरीपाशी कोयत्याचा दगड आहे, त्यावर चालेल का? आणि आपल्या या हवेत तो टिकेल का?

कातळसडा (देवगड):
कोयत्याच्या दगडावर तो टेकवूसुद्धा नका, हात जोडून सांगतो. त्या दगडाचा कण एवढा भरड असतो की दोन हातांत धारेची करवत होईल. वस्तऱ्याला एकावर एक बारीक होत जाणारे दगड लागतात. १००० नंबरचा फक्त धारेच्या दोन्ही बाजू नीट जुळेपर्यंत, मग ४०००, मग ८०००, आणि शेवटचा हात १२००० वर. प्रत्येक वेळी पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. पाठ जाड ठेवलेली असते ती त्यासाठीच, कोन तीच सांभाळते. दाबायचं अजिबात नाही, पात्याचं वजन पुरे.

दगडावर धार पुढे जाते, दगडानंतर ज्यावर परजतात त्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. परत फिरताना पातं पाठीवरून पालटायचं, धारेवरून नाही. हे हाताला बसेपर्यंत धार नसलेल्या लोणी लावायच्या सुरीने सराव करा. मी पंधरा दिवस तेच केलं, तरी नव्या पट्ट्याला एक चीर पाडलीच. हाताला वळण लागल्यावर दाढीआधी पट्ट्यावर चाळीस-पन्नास हात सावकाश परजा. पट्टा ताठ धरा, सैल राहिला तर धार गोल होते.

आता हवेबद्दल, कारण आपल्याकडे खरा घोर तिचाच. माझा पहिला वस्तरा दाढीने बोथटला नाही, पावसाने गेला. जुलैत आठ दिवस रत्नागिरीला गेलो होतो, वस्तरा न्हाणीतल्या फळीवर मिटून ठेवलेला. परत येऊन गालावर फिरवला तर केस ओढायला लागला. पातं वरून लखलखीत, गंजाचा लाल ठिपकासुद्धा नाही. मग भिंगाखाली, दिव्याच्या तिरप्या उजेडात धरलं. धारेच्या रेघेवर ओळीने काळे टिंब होते, मुंगीने चावून टाकल्यासारखे. धारेचं टोक केसाच्या शंभराव्या भागाइतकं बारीक. तिथे गंज लाल दिसायच्या आधीच लोखंड खाऊन जातो, आणि खारा वारा असला की आणखी लवकर. माझे आजे म्हणत, ‘वस्तरो दाढयेन नाय, पाण्यान मरता.’ ते तेव्हा कळलं.

तेव्हापासून माझा नेम असा. पाणी फक्त पात्यालाच लागू द्यायचं, मुठीतल्या खिळ्यात शिरू द्यायचं नाही. मऊ सुती कापडाने पाठीकडून धारेकडे पुसायचं, धारेच्या लांबीने कधीच नाही. मग पट्ट्यावर पाच-सहा हात, म्हणजे उरलेली ओल जाते. तासभर उघडा ठेवायचा, आणि शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पसरायचा. खोबरेल लावून पाहिलं मी, पण ते खवट होतं आणि चिकट थर धरतं. ठेवायचा खोलीतल्या कपाटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. न्हाणीत कधीच नको. पट्ट्यालाही जपा, भिंतीला चिकटून टांगलात तर श्रावणापर्यंत बुरशी येते.

सुरंगी (वेंगुर्ला):
माझ्या वडिलांचं सलून होतं, म्हणून लिहिते. पहिले दोन आठवडे फक्त गाल, कल्ल्याच्या खालचा सपाट भाग. हनुवटी आणि ओठाच्या वरचा भाग सगळ्यात शेवटी. कोन साधारण ३० अंश, म्हणजे पात्याची पाठ गालापासून दोन पाठींच्या जाडीएवढी उचललेली. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, वडील म्हणायचे की अर्धी दाढी हाच हात करतो. आधी गरम पाण्याचा टॉवेल, मग ओला दाट फेस. फेस सुकला की थांबून पुन्हा लावायचा. पहिली फेरी केसांच्या दिशेने. शेवटी ओली तुरटी, बारीक कापलं असेल तर रक्त थांबतं.

अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर शिकायचा सल्ला कुणी दिला तर मी म्हणेन नको. ते पातं हलकं आणि जास्त बोचरं, हात जरा चुकला की कापतं. सलूनवाल्यांनी ते घेतलं ते रक्तातून होणाऱ्या आजारांच्या धास्तीने, दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड मिळावं म्हणून. तुमचा वस्तरा तुमच्यापुरताच आहे, पण मग तो दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

खाडीकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. त्या खाचेचं काय करू? पेटीत आजोबांचा पट्टाही आहे, पण वाकवला की भेगा दिसतात.

कातळसडा:
भेगाळलेला पट्टा भिंतीवर आठवण म्हणून टांगा, परजायला नवा घ्या, सहा-सात सेंटीमीटर रुंद. खाच अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर १००० च्या दगडावर निघेल, पण तासन्‌तास जातील आणि नवख्याच्या हातून पाठ झिजेल. पहिली धार अनुभवी माणसाकडून लावून घ्या, पुढची राखणं तुमच्याकडे. डागांना सँडपेपर नको, धातूचं पॉलिश कापसावर घेऊन पाठीकडून धारेकडे. काळा खड्डा राहिला तर राहू द्या, धारेपर्यंत पोचलेला नसला म्हणजे झालं. आणि मुठीच्या शिंगात टाचणीएवढी भोकं दिसतायत का, तेवढं उजेडात बघून सांगा. शिंगाला कीड लागते, पेटीत लोकरीचे कपडे असतील तर त्यांनाही लागलेली असेल.