फोलिकची गोळी दिवस राहायच्या आधीच घरात पोचली पाहिजे

मांजराकाठ:
माझ्या नणंदेची दवाखान्यात नोंद झाली अकराव्या आठवड्यात. फोलिक ॲसिडची पहिली गोळी त्याच दिवशी हातात पडली. बाळाचा मेंदू आणि मणका जिच्यापासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यावर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. मग अकराव्या आठवड्यातल्या गोळीचा त्या नळीला काय उपयोग? ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा १९९१ चा अभ्यास आहे. आधीचं बाळ ही नळी नीट न मिटल्याचा दोष घेऊन आलेल्या बायकांना गर्भ राहायच्या आधीपासून मोठ्या मात्रेत फोलिक दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मूल हवं असलेल्या प्रत्येकीला रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी न मागता मिळावी, असं माझं ठाम मत आहे.

पूर्णाकाठची:
ताई, मला हे पटत नाही. नव्या सुनेच्या हातात ही गोळी दिली की घरभर कळतं. दुसऱ्या महिन्यापासून सासू विचारायला लागते, "गोळी चालू आहे ना, मग अजून काहीच कसं नाही?" मी हे माझ्या घरात भोगलंय. त्यापेक्षा ताट बघा. तुरीचं वरण, शेंगदाणे, हरभऱ्याची कोवळी भाजी, सगळ्यात फोलेट, म्हणजे अन्नातलं फोलिक, आहे. सून सगळ्यांच्या मागून जेवते, तेव्हा तिच्या वाट्याला भाकरी आणि ठेचा उरतो. आधी ते बदला.

मांजराकाठ:
दडपणाचं तुमचं म्हणणं खरं आहे, मी तो विचार केला नव्हता. पण हरभऱ्याची भाजी हिवाळ्यातली. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हिरवं काय मिळतं? आणि भाजी उकळून पाणी फेकलं की बरंच फोलेट त्या पाण्याबरोबर जातं.

उपकेंद्रातली सिस्टर:
ताई, तुम्ही मागताय ते ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी मोहिमेच्या २०१८ च्या सूचनांत आहेच. मूल हवं असेल तेव्हापासून पहिले तीन महिने फक्त फोलिक, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लाल गोळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक. बायका दोन्ही गोळ्या एकच समजतात. लाल गोळीनं मळमळतं, संडास काळी होते, म्हणून घाबरून डब्यात ठेवून देतात. कोणी चहासोबत घेतात, मग लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्त कमी आढळलं. नुसत्या ताटावर ही तूट भरून निघेल असं मला वाटत नाही. पण दडपणाचं खरं आहे, म्हणून मी सासूसमोर गोळीला "रक्ताची गोळी" म्हणत नाही आणि "मुलाची"ही नाही. "अशक्तपणा येऊ नये म्हणून" एवढंच सांगते.

बीडकडचा:
सिस्टर, आमच्याकडच्या बायका दिवाळीच्या आसपास टोळीसोबत ऊसतोडीला जातात, येतात मार्च-एप्रिलला. कोप्यांवर कोणती आशाताई येणार? दिवस राहतात ते तिथंच, आणि पहाटेपासून मोळ्या वाहतात त्याही तिथंच. तुमचा वाद गावात राहणाऱ्यांचा आहे. उचल घेऊन निघतानाच सहा महिन्यांच्या गोळ्या बांधून देता येतील का, हे सांगा.

उपकेंद्रातली सिस्टर:
तुमच्या गावातल्या आशाताईला टोळी निघायच्या आठ दिवस आधी यादी द्या. गोळ्या असतील तेवढ्या बांधून देऊ. कमी पडल्या तर वरून मागवायला माझ्याकडे तेवढे दिवस पाहिजेत.