रायफलवरचा दिवा: आधी अंगठा बघा

एक मत असं आहे की रायफलवरचा दिवा उजव्या बाजूला, शक्य तितका मागे लावावा, म्हणजे रायफल पुढे जड होत नाही. वजनाचं पटतं. पण मागे लावलं की झोत नळीवर अडतो आणि दुसऱ्या बाजूला चांगली जाड सावली पडते. 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आपल्याकडे फोर्स वन, म्हणजे महाराष्ट्र पोलिसांची कमांडो तुकडी, उभी राहिली. त्यांच्या जवानाला गिरगावातल्या चाळीचा अंधारा, अरुंद जिना चढायचा असेल, तर त्या सावलीत दबा धरलेला माणूस त्याला दिसणारच नाही. तेव्हा दिवा पुढेच हवा, फक्त पार नळीच्या तोंडाशी नको, गोळीबाराने काचेवर काजळी धरते.

बटणाची जागा मात्र हातच ठरवतो. नेहमीची पकड घ्या, डोळे मिटा, पुढच्या हाताचा अंगठा आपसूक टेकेल तिथे बटण. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याला बहुधा डावीकडे, वरच्या कडेला सोयीचं पडतं. वायरचा प्रेशर स्विच (दिव्याला वायरने जोडलेलं, दाबायचं बटण) घेतलात तर वायर रेलला, म्हणजे जोडणी बसवायच्या खाचांच्या पट्टीला, घट्ट बांधा, मोकळी राहिली की खांद्याच्या पट्ट्यात अडकते. आणि दाबून धरलं असेल तोवरच पेटणारा घ्या, चुकून चालू राहिलेला दिवा आपलाच ठावठिकाणा सांगतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत बॅटरीची टोकंही अधूनमधून पुसावी लागतात.