शब्दचर्चा : कागुरा

कुतूहल : जपानमध्ये शिंतो देवळांत वाद्यांवर जो नाच होतो, त्याला एका लेखात 'देवनृत्य' म्हटलंय, दुसऱ्यात 'शिंतो भजन'. मूळ शब्द कागुरा. मराठीत काय लिहायचं? आणि लिंग?

टिपणकार : 'भजन' तर नकोच. लिहिताना 'देव' आणि 'संगीत' ही दोन चित्राक्षरं वापरतात, त्यामुळे 'देवसंगीत' करायचा मोह होतो. पण ती अक्षरं अर्थ पाहून बसवलेली आहेत. उच्चार 'कामु-कुरा' झिजून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कामु हे कामीचं रूप, म्हणजे देव; कुरा म्हणजे बसायची जागा. म्हणून नाचणाऱ्याच्या हातात बहुधा काहीतरी असतं : साकाकीची डहाळी, बांबूची पानं, धनुष्य, तलवार. ती शोभेला नसतात, देव त्यांत उतरतो.

झांज : शिवाय 'कागुरा' म्हणजे एकच प्रकार नव्हे. मिकागुरा दरबारी, टोकियोच्या राजवाड्यात डिसेंबरच्या मध्यात रात्री होतो. त्यात सहा तारांचं वागोन, बासरी, हिचिरिकी हे पिपाणीसारखं वाद्य आणि लाकडी टिपऱ्या, ढोल नाही. बाकीचे सगळे सातोकागुरा, म्हणजे गावाकडचे, तिथे ढोल हवाच. मियाझाकीतल्या ताकाचिहोला रात्रभर ३३ प्रवेश होतात, आणि नाचणारे गावातले पुरुष. 'कागुरा म्हणजे देवळातल्या मुलींचा नाच' ही व्याख्या तिथेच कोसळते.

कुतूहल : मग कागुऱ्यात हातात दिसतो, त्या घुंगरांच्या झुबक्याचं काय?

झांज : तो मिकोंच्या, म्हणजे देवळातल्या सेविकांच्या नाचातला. नाव कागुरा-सुझु. दांड्यावर तीन मजले : वर ३, मध्ये ५, खाली ७, एकूण १५ घंटा, दांड्याच्या टोकाला पाच रंगांच्या लांब फिती. उजव्या हातात दांडा, डाव्या हातात फिती. खुळखुळ्यासारखा सतत हलवला की फसलं. मनगटाच्या एका झटक्यात पंधराही घंटा एकदम वाजायला हव्यात, आणि हात एका जागेहून दुसरीकडे जाताना एकही वाजता कामा नये. फिती ढिल्या सुटल्या तर बाहीत अडकतात. १९४० साली बसवलेल्या 'उरायासु नो माइ' या मिकोंच्या नाचात पूर्वार्धात पंखा असतो, उत्तरार्धात सुझु, म्हणजे घंटा.

टिपणकार : लिंगाचं सोपं आहे. 'कॅमेरा'सारखा आकारान्त, म्हणून पुल्लिंगी : तो कागुरा. 'कॅमेऱ्यात' चालतं तर 'कागुऱ्यात' का नाही? अडतं ते क्रियापदाशी. गोंधळाच्या धर्तीवर 'कागुरा घालतात' जवळचं वाटतं खरं, पण 'गोंधळ घालणे'चा रोजच्या बोलण्यात काय अर्थ झालाय ते आपण जाणतोच. 'सादर करतात' म्हटलं की समोर तिकीट काढलेले प्रेक्षक दिसतात. जपानीत देवळातल्या कार्यक्रमाला 'होनो' म्हणतात, म्हणजे देवाला वाहणं.

कुतूहल : म्हणजे 'कागुरा वाहतात'?

टिपणकार : हो. फुलं वाहतो, तसंच. पहिल्यांदा आला की 'कागुरा हा नृत्यविधी' इतकी जोड द्या, पुढे नुसतं कागुरा.