नाशिकमध्ये मुंबई ५५८ (अस्मिता) : गाणं कळतं, बोलणं कळत नाही

सिडकोकर
सिडकोत तिसऱ्या मजल्यावर आरसीसी फ्लॅट. वडिलांना आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी (मीडियमवेव्ह, ५५८ किलोहर्ट्झ) हवी असते ती बोलण्यासाठी : श्रुतिका, भाषणं, बातम्या. नवा डिजिटल रेडिओ घेतलाय, पण आकडा ५५० वरून थेट ५६० वर उडी मारतो, ५५८ दाखवतच नाही. आवाज फाटका, मागे सतत घरघर. अँटेनाची काडी पूर्ण बाहेर काढून सगळीकडे फिरवली, फरक शून्य. गच्चीवर तार ओढावी का? घरात लाँगवेव्हचा पट्टा असलेला एक जुना सेटही आहे, तो चालेल का? अॅप माहीत आहे, वडिलांना मोबाइल नको.

गोदाकाठ
काडी फक्त एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियमवेव्हची अँटेना सेटच्या पोटात असते, काळी फेराइटची (चुंबकीय पदार्थाची) कांडी. तिचं टोक मुंबईकडे करा. लाँगवेव्ह विसरा, आपल्याकडे त्या पट्ट्यावर रेडिओ केंद्रंच नाहीत. बीबीसीचं रेडिओ ४, म्हणजे जवळपास अख्खी बोलण्याचीच वाहिनी, १९८ किलोहर्ट्झवर इंग्लंडातून यायची, पण तिचा आवाका त्या बेटांच्या आसपासचा. तो पट्टा सेटवर असणं म्हणजे सेट युरोपसाठी बनलेला, एवढंच.

फेराइट
@गोदाकाठ, टोकाचं उलटं सांगितलंत. कांडीच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत कमी येतो, आडव्या बाजूने सर्वांत जास्त. नाशिकहून मुंबई नैर्ऋत्येला, म्हणजे कांडी वायव्य-आग्नेय हवी. बहुतेक सेटमध्ये ती वरच्या कडेला आडवी बसवलेली असते, तेव्हा सेटचं तोंड किंवा पाठ नैर्ऋत्येकडे करायची. पुणे केंद्र (७९२ किलोहर्ट्झ) साधारण दक्षिणेला येतं. ते लावून सेट हळूहळू फिरवून बघा, कांडी उत्तर-दक्षिण झाली की आवाज बसतो. एकदा हे कानाला कळलं की दिशा शोधायला होकायंत्र लागत नाही.

आता ५६०. तुमचा सेट १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर आहे, ती अमेरिकेची पद्धत. आपल्याकडे ९ च्या पायऱ्या : ५३१, ५४०, ५४९, ५५८. सेट दोन किलोहर्ट्झ बाजूला बसला की 'स' आणि 'श' फाटतात. गाण्याची चाल तरीही पोहोचते, शब्द मात्र जातात. तुमची अर्धी तक्रार इथेच असावी. पुस्तिकेत ९/१० ची कळ शोधा. बऱ्याच सेटमध्ये रेडिओ बंद असताना एखादं बटण दाबून धरावं लागतं. बदललं की जुन्या साठवलेल्या वाहिन्या पुसल्या जातात, पुन्हा भरा. बँडविड्थ (सेट किती रुंद पट्टा ऐकतो ते) निवडता येत असेल तर ३ किंवा ४ किलोहर्ट्झ ठेवा. गाणी डबक्यातून आल्यासारखी वाटतील, बोलणं मात्र उजळ होईल.

खरखर
गच्चीवर तार ओढायच्या आधी घरघरीचा उगम शोधा. रेडिओ सेलवर लावा, ५५८ वर ठेवा आणि घराचा मेन बंद करा. घरघर थांबली तर चोर घरात, नाही तर शेजाऱ्याकडे किंवा जिन्यात. मग एकेक एमसीबी वर करत जा. नेहमीचे आरोपी : स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर (फोन न लावताही), सेटटॉप बॉक्सचा अॅडॉप्टर, सोलरचा इन्व्हर्टर. पंख्याचा डिमरसारखा सलग फिरणारा रेग्युलेटर करकरतो, टकटक पायऱ्यांचा कपॅसिटरवाला नाही.

रेडिओचा स्वतःचा अॅडॉप्टरही तपासा. सेलवर स्वच्छ आणि अॅडॉप्टरवर घरघर, असं असेल तर अॅडॉप्टर बदला. नाही तर त्याची वायर फेराइटच्या कड्यातून पाच-सात वेढे घेऊन काढा.

मध्यरात्री तपासू नका. अंधार पडला की लांबची केंद्रं आकाशातून परावर्तित होऊन येतात, आवाज चढतो-उतरतो, एकात एक मिसळतो. सकाळी नऊ ते दुपारी चार हीच खरी परीक्षा. दोन सभांच्या (प्रक्षेपणाच्या सत्रांच्या) मधे प्रक्षेपण थांबलेलं असू शकतं, तेवढं पाहा. वळवाच्या दिवसांत विजेची कडकड येणारच, तिला इलाज नाही.

फेराइट
एवढं करूनही आवाज कमीच असेल तर गच्चीवर जाऊ नका, खोक्यावर तारेचं वेटोळं करा, तीच जादा अँटेना. ६० सेंमी बाजूचा चौकोनी पुठ्ठ्याचा खोका घ्या. त्याभोवती इन्सुलेटेड तारेचे १३ वेढे द्या, दोन वेढ्यांत ५ मिलिमीटर अंतर. तार ३२ मीटर पुरते. दोन्ही टोकं ३६५ पिकोफॅरडच्या गँगला (जुन्या रेडिओत स्टेशन लावायला फिरवतात त्या कपॅसिटरला) जोडा, बस्स. सेल नाही, रेडिओला वायर नाही. खोका उभा ठेवा, वेढ्यांची कड नैर्ऋत्येला. रेडिओ वेटोळ्याच्या मधोमध, कांडी वेढ्यांच्या पातळीला काटकोनात. रेडिओवर ५५८ लावून गँग फिरवा, एका जागी आवाज अचानक वर येतो. ती जागा अगदी अरुंद असते, हळू फिरवा.

५५८ ला गँग जवळपास पूर्ण मिटलेला हवा. पूर्ण मिटल्यावरही आवाज वाढतच असेल तर वेढा कमी पडतोय, एक वाढवा. लहान खिशातल्या रेडिओतला गँग घेतला तर त्याची क्षमता कमी, दोन्ही भाग समांतर जोडूनही पुरेलच असं नाही. लोखंडी कपाटाशेजारी किंवा खिडकीच्या जाळीला चिकटवून ठेवलंत तर शिखर लागणारच नाही.

सिडकोकर
९ वर केलं, ५५८ आलं, 'स' फाटत नाही. सेट नैर्ऋत्येच्या खिडकीत ठेवलाय, मेन बंद करून दिवसा घरात काहीच घरघर नाही. पण रोज संध्याकाळी सात-साडेसातला सुरू होते ती सकाळपर्यंत.

खरखर
म्हणजे जिन्यातला दिवा. टायमर किंवा सेन्सरवर असेल. सोसायटीला सांगून तो बल्ब एका रात्रीपुरता काढून बघा. घरघर गेली तर दुसऱ्या बनावटीचा लावा. गेली नाही तर रस्त्याचा दिवा असू शकतो, मग खोक्याचं वेटोळं दिव्यापासून दूरच्या खोलीत ठेवा आणि दिवा वेढ्यांच्या सपाट बाजूला येईल असं थोडं वळवा. मुंबईचा सिग्नल जरासा उतरेल, दिव्याचा बराच.