मदत हवी आहे : सिरॅमिक ब्रेक डिस्कऐवजी बिडाच्या डिस्क बसवण्याबाबत

नमस्कार. मी जर्मनीत राहतो आणि माझ्याकडे ९९१ श्रेणीची पोर्शे ९११ जीटी३ आहे. गाडीला मुळापासून सिरॅमिक डिस्क असून पुढच्या ४१० आणि मागच्या ३९० मिलिमीटर व्यासाच्या आहेत. न्युर्बुर्गरिंगच्या सुमारे २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफ या शर्यतमार्गावर बऱ्याच फेऱ्या झाल्यामुळे पुढच्या उजव्या डिस्कचा पृष्ठभाग खरखरीत झाला आहे. नख फिरवले तर खड्डे जाणवतात. या डिस्कची झीज केवळ जाडीवरून कळत नाही, म्हणून ती उतरवून वजन केले, तर ते डिस्कवर कोरलेल्या किमान वजनाच्या अगदी जवळ आले आहे.

नव्या सिरॅमिक डिस्कचा खर्च दर काही हंगामांनी करणे मला परवडणारे नाही, त्यामुळे बिडाच्या डिस्क बसवाव्यात असे मनात आहे. त्या जवळपास दुप्पट जड असतात, आणि हे वजन स्प्रिंगखालचे, म्हणजे चाकाबरोबर वरखाली होणारे असल्याने माझी खरी काळजी तीच आहे. डिस्कवर दाबले जाणारे ब्रेक पॅड बदलावे लागतील हे ठाऊक आहे.

ज्यांनी हा बदल केला आहे, त्यांनी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तेच ठेवून त्याच मापाच्या बिडाच्या डिस्क घेतल्या, की कॅलिपरसह पोर्शेचाच ३८० मिलिमीटरच्या बिडाच्या डिस्कचा संच बसवला? खडबडीत वळणांवर चाकाची पकड आणि स्टिअरिंगचा हलकेपणा किती बदलला? डँपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) नव्याने जुळवावे लागले का? टीयूव्ही या जर्मन वाहन तपासणी संस्थेच्या मंजुरीसाठी कोणती कागदपत्रे लागली, हेही कृपया सविस्तर कळवावे.