रखमाबाईंचा खटला आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा: नेमका संबंध कोणता?

जिज्ञासू:
संमतिवयाच्या कायद्याविषयी वाचताना रखमाबाईंच्या खटल्याचा उल्लेख हटकून येतो. त्या कायद्याने मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचे कायदेशीर वय, दहावरून बारा वर्षांवर नेले. रखमाबाई मात्र दावा दाखल झाला तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. मग या दोन गोष्टी एकत्र का सांगितल्या जातात?

नीलांबरी:
कायद्याला तातडी आली ती १८९० मध्ये बंगालमधील फुलमणी दासी ही बालवधू पतीच्या बळजबरीमुळे दगावली तेव्हा. पण बालपणी लावलेले लग्न मोठेपणी त्या स्त्रीला बांधून ठेवू शकते का, हा प्रश्न त्याआधीच रखमाबाईंनी न्यायालयात उभा केला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या व पती दादाजी भिकाजींकडे नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी, पत्नीने नांदायला यावे म्हणून, मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो १८८५ मध्ये फेटाळला, अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जाण्याचा, न गेल्यास सहा महिन्यांच्या कैदेचा आदेश दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. माझ्या मते आपल्याकडच्या स्त्रीहक्कांच्या इतिहासात इतका निर्भय नकार क्वचितच सापडेल.

विधिज्ञ:
एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, म्हणून आवर्जून लिहितो. टिळकांसह अनेकांनी रखमाबाईंना विरोध करताना धर्माचा आधार घेतला. परंतु बायकोला नांदायला आणण्यासाठी असा दावा लावण्याची सोय मुळात इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आलेली होती. पिन्ही यांनी हेच दाखवून दिले. विशेष म्हणजे, आदेश न पाळल्याबद्दलची कैद इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती.

जिज्ञासू:
मग त्यांना कैद झाली का? आणि असा दावा लावण्याची तरतूद आज आहे का?

नीलांबरी:
कैद झाली नाही. १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे डॉक्टर म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले.

विधिज्ञ:
तरतूद आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार असा दावा आजही लावता येतो, आणि तो पती आणि पत्नी या दोघांनाही खुला आहे. कैद जाऊन मालमत्तेवरील जप्ती तेवढी उरली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध असल्याचा निर्वाळा दिला.