जुन्या प्रीमियर ड्रमसेटवर जॅझ: पान बसत नाही, आवाज घुमतो, काय करावे?

मंगळवारपेठी (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरातील एका जुन्या ऑर्केस्ट्राचे सामान निकालात निघाले, तेव्हा त्यातील ड्रमसेट मी घेतला. बास ड्रम 20 इंची, टॉम 12 इंची, फ्लोअर टॉम 16 इंची आणि स्नेअर 14 इंची आहे. चारही ड्रमवर प्रीमियरचा बिल्ला असून त्यावर इंग्लंडचे नाव आहे. बाहेरचे राखाडी मोतिया आवरण उन्हाच्या बाजूने पिवळट पडले आहे, पण क्रोम पुसल्यावर लख्ख निघाले. झांजांपैकी हाय-हॅटची (पायाने मिटायची) जोडी तेवढी शिल्लक आहे, राईड, म्हणजे काठीने लय धरण्याची मोठी झांज, नाही.

माझे शिक्षण तबल्याचे. ऑर्केस्ट्रात मी आधुनिक सेटवर चित्रपटगीतांना साथ करतो. आता गिटार आणि बास वाजवणाऱ्या दोन मित्रांबरोबर राजारामपुरीतील एका घराच्या वरच्या मजल्यावर जॅझ वाजवण्याचा बेत आहे आणि त्यासाठी हाच सेट वापरावा अशी इच्छा आहे. अडचणी अशा की टॉमसाठी आणलेले नवे 12 इंची पान (तोंडावर ताणून बसवायचा पडदा) कवचावर, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगावर, उतरतच नाही. उद्यमनगरातील एका ओळखीच्या कारागिराने लेथवर कवचाची कड थोडी उतरवून देतो, असे सांगितले आहे. दुसरे म्हणजे, बास ड्रम आणि फ्लोअर टॉम फार वेळ घुमत राहतात. सोबतचे वादक म्हणतात की बास ड्रममध्ये उशी घाल आणि टॉमवर चिकटपट्ट्या लाव. या दोन्ही गोष्टी कराव्यात का, आणि मुळात जॅझसाठी हा सेट योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

ठेकेदार

कृपा करून कवच लेथवर चढवू नका. आपल्या ड्रममध्ये दोष नाही, मापाचा फरक आहे. प्रीमियर ही कंपनी 1922 साली लंडनमध्ये सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात कारखान्याची हानी झाल्यावर लेस्टरला गेली. साधारण 1968 पर्यंत तिचे टॉम अमेरिकी मापापेक्षा किंचित मोठे असत. आज सर्वत्र चालणाऱ्या मापात 12 इंची ड्रमचे कवच प्रत्यक्षात बारा इंचांहून थोडे कमी भरते, म्हणून पानाची कडी त्यावरून मोकळी खाली उतरते. जुन्या इंग्रजी टॉमच्या कवचावर तीच कडी अडकते. कवचाभोवती शिंप्याची टेप गुंडाळून परीघ मोजा आणि त्याला 3.14 ने भागा. उत्तर पुरे बारा किंवा त्याहून जास्त आले, तर आपला सेट त्या आधीच्या काळातला आहे असे समजण्यास हरकत नाही. फ्लोअर टॉमचेही असेच मोजावे. स्नेअर आणि बास ड्रम यांना सहसा ही अडचण येत नाही.

या कवचांचे लाकूड पातळ असते आणि आतून दोन्ही तोंडांना लाकडाची जाड कडी चिकटवलेली असते. पान टेकते ती धार त्या कडीवरच असते. बाहेरून लाकूड उतरवायचे म्हणजे आवरण सोलावे लागणार, कवच पातळ होणार आणि धारेची गोलाई बिघडणार, म्हणजे पान सगळीकडे सारखे टेकणार नाही. एकदा काढलेले लाकूड परत बसवता येत नाही. जुन्या मापाची पाने आजही बनतात. ती परदेशातून मागवावी लागतात आणि स्वस्त पडत नाहीत, परंतु त्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

उद्यमनगराचा उपयोग मात्र दुसऱ्या कामासाठी जरूर करून घ्या. ताणाचे जे बोल्ट झिजले किंवा हरवले असतील ते तेथे उत्तम बनवून मिळतील. फक्त मूळ बोल्ट नमुन्याला द्या आणि आटे गेजने तपासून घ्या. अमेरिकी ड्रमचे बोल्ट बहुतेक 12-24 मापाचे, म्हणजे एका इंचात 24 आटे असलेले असतात. जुन्या इंग्रजी ड्रमना तेच बसतील असे गृहीत धरून पाना फिरवला, तर पितळी नटाचे आटे जातात.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

मापाविषयी वर उत्तर आले आहे, म्हणून मी आवाजाविषयी लिहितो.

उशी घालण्याचा सल्ला देणारे वादक त्यांच्या कामापुरते बरोबर आहेत. ऑर्केस्ट्रात बास ड्रमसमोर माईक असतो, आवाज मोठ्या स्पीकरमधून जातो आणि तेथे ‘धप्’ असा कोरडा, आखूड ठोकाच हवा असतो. जॅझच्या लहान संचात, विनामाईक खोलीत, ड्रमने सुरात बोलणे अपेक्षित आहे. आपल्याला जो दोष वाटतो आहे, ती घुमच येथे कामाची असते. बास ड्रमची दोन्ही पाने अखंड ठेवा, पुढच्या पानाला भोक पाडू नका. ताण ऑर्केस्ट्रापेक्षा बराच चढा ठेवा. घुम अगदीच आवरेना, तर मागच्या पानाच्या आतून, मध्यापासून बाजूला, फेल्टची चार बोटे रुंद पट्टी ताणून बसवा. त्याहून जास्त काही नको. टॉमवर चिकटपट्टी लावण्याआधी प्रत्येक बोल्टजवळ बोटभर आत हलकी टिचकी मारून सूर ऐका आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने फिरवत ते सगळे एका सुरावर आणा. तबला सुरात मिळवणाऱ्याला हे शिकवायला नको. दोन टॉममध्ये षड्ज-मध्यमाचे अंतर ठेवले तर कानाला बरे लागते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट हाताची आहे. चित्रपटगीताच्या ठेक्यात लय बास ड्रम आणि स्नेअर धरतात. जॅझमध्ये ती झांजेवर असते. काउंट बेसी यांच्या जॅझ संचात ड्रमवादक जो जोन्स यांनी हा भार हाय-हॅटवर नेला, आणि 1940 च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ड्रमवादक केनी क्लार्क यांनी तो राईडवर आणून बास ड्रम मोकळा केला, जेणेकरून तो अधूनमधून अनपेक्षित जागी आघात देऊ शकेल. राईडवर चार मात्रांत ‘एक, दोन-अ, तीन, चार-अ’ असे वाजते. त्यातील ‘अ’ मध्यम लयीत तिस्र जातीच्या (मात्रेचे तीन समान भाग) तिसऱ्या भागावर पडतो आणि लय जसजशी द्रुत होते तसतसा तो सपाट होत जातो. डावा पाय दोन आणि चारवर हाय-हॅट मिटतो. उजवा पाय चारही मात्रांवर बास ड्रमला इतका हलका स्पर्श करतो की तो वेगळा ऐकू येऊ नये, बासवादकाच्या स्वराला मात्र त्याने बूड मिळावे. आपल्या बास ड्रमच्या पानाला उशी टेकलेली असेल, तर हा हलका स्पर्श उमटणारच नाही. उशीला माझा खरा विरोध त्यासाठी आहे.

तबल्याच्या वादकाला आणखी एक सवय मोडावी लागते. समेवर जोर देऊन येण्याचा मोह आवरावा. येथे ओढ दोन आणि चारकडे असते, आणि आठ-आठ बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचा गट) चार भागांचे बत्तीस बारचे आवर्तन पूर्ण झाले हे ड्रमने दर वेळी ठणकावून सांगण्याची गरज नसते. गिटारवादकाला ते ठाऊक असतेच. स्नेअरवर ब्रश वापरणार असाल, तर पान खरबरीत लेपाचे घ्या. गुळगुळीत पारदर्शक पानावर ब्रशची घासट उमटत नाही.

जुना_माल

वरील दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, तथापि ‘जुने लाकूड म्हणजे आपोआप चांगला आवाज’ हा समज प्रश्नकर्त्याने करून घेऊ नये. ग्रेच या अमेरिकी कंपनीच्या गोल बिल्ल्याच्या सेटना आज जी किंमत येते, ती त्यांच्या कवचाइतकीच जॅझचे ड्रमवादक एल्विन जोन्स आणि टोनी विल्यम्स यांनी त्यांवर वाजवल्यामुळे येते. प्रीमियरच्या वाट्याला ‘द हू’ या रॉक बँडच्या कीथ मूनची आदळआपट आली, म्हणून जॅझवाले त्याकडे कमी वळतात आणि तो तुलनेने स्वस्त राहतो. खरेदीदाराच्या दृष्टीने हे चांगलेच आहे.

माझे मत असे की सेटवर आता जास्त खर्च करू नये आणि उरलेले पैसे राईड सिंबलमध्ये घालावेत. जॅझ ऐकताना श्रोत्याच्या कानात सर्वांत जास्त वेळ राईडच असते. ड्रम थोडे कमी-जास्त मिळाले तरी खपते, राईड कर्कश असली तर संध्याकाळ वाया जाते. 20 किंवा 22 इंची, वजनाला हलकी, हातोड्याच्या खुणा असलेली झांज शोधा. काठीच्या टोकाचा ‘टिक्’ स्पष्ट यावा आणि मागून उठणारी झांजेची गुंज त्यावर चढू नये. जमल्यास मुंबई-पुण्याला जाऊन स्वतःच्या काठीने, हळू वाजवून निवडा. दुकानात लोक जोरात वाजवून पाहतात, आणि जोरात कोणतीही झांज बरीच वाटते.

वीस इंची बास ड्रमची चिंता नको. अठरा इंची ड्रम जॅझची खूण झाला असला, तरी वीसवरही पुष्कळ जॅझ वाजले आहे.

मंगळवारपेठी

सर्वांचे आभार. परीघ मोजला. टॉम आणि फ्लोअर टॉम दोन्ही पूर्ण मापाहून किंचित जास्त भरले, त्यामुळे लेथचा विचार सोडला आहे. उशी न घालता फेल्टची पट्टी बसवली. पहिल्या दिवशी गिटारवाल्याने तोंड वाकडे केले, पण ताण चढवल्यावर त्याची तक्रार राहिली नाही.

एक शंका उरली आहे. परदेशातून पाने येईपर्यंत टॉमला कातडे चढवून घेता येईल का? आमच्या पेठेत ढोलकी आणि हलगी मढवणारे कारागीर आहेत. पावसाळ्यात त्याचे काय होईल?

ठेकेदार

जरूर येईल. 1957 च्या सुमारास प्लास्टिकची पाने बाजारात येईपर्यंत जगभर ड्रमना वासराचे कातडेच असे. आपल्याकडे बकऱ्याचे मिळेल आणि 12 इंची टॉमला ते पुरेसे आहे. 16 इंचीला थोडे जाड बघून घ्या.

ढोलकी वादीने आवळली जाते, येथे मात्र कातडे कडीला धरून राहिले पाहिजे, हे कारागिराला आधी समजावून सांगा. उद्यमनगरातून सळईची गोल कडी करून घ्या. सांधा घासून गुळगुळीत असावा, आणि कवचावर कातडे टाकल्यानंतरही कडी सहज खाली सरकेल इतकी ती मोकळी, पण वरच्या रिमखाली (पान दाबून धरणाऱ्या धातूच्या कड्याखाली) मावेल इतकीच मोठी असावी. कातडे साध्या पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवायचे, सपाट पसरून त्यावर कडी ठेवायची आणि चमच्याच्या दांड्याने कडा कडीभोवती वळवून आत खोचत जायचे. मग ओले असतानाच ड्रमवर बसवून, रिमने जेमतेम दाबून, सावलीत सावकाश वाळू द्यायचे. उन्हात ठेवले तर एका बाजूने आधी आकसते आणि कडी तिरकी होते.

कोल्हापूरच्या पावसात, जून ते सप्टेंबर, कातडे ढिले पडणारच. हलगी शेकतात तसे पान दुरून शेकता येते, परंतु शेगडी आवरणापासून लांब ठेवा. जुने मोतिया प्लास्टिक चटकन पेट घेते. एप्रिल-मेमध्ये उलट होईल. वाजवून झाल्यावर प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा सैल करून ठेवा, नाहीतर कोरड्या हवेत आकसून कातडे रात्रीतून फाटू शकते. परदेशी पाने आली की फ्लोअर टॉमला आधी बसवा. बारा इंचीवर कातडे राहू द्या आणि ब्रशने वाजवून पाहा.